नव्वदच्या वर

“हात दे,” हे म्हणाले आणि मी दिला. सदतीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझा हात दुसऱ्या कशासाठी मागितल्याचं मला आठवत नाही.

दुपारचे चार वाजले होते. वरच्या मजल्यावर यांची लिहायची खोली आहे, तिथे आम्ही समोरासमोर बसलो होतो. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकून घेतल्या आहेत. त्यावर जेवढा खर्च झाला तेवढ्यात माझ्या माहेरच्यांनी अख्खं घर बांधलं होतं. यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, तीन बोटं माझ्या नाडीवर टेकवली आणि दुसऱ्या हाताने पानं सरळ करून वाचायला लागले. पंचविसावी कादंबरी, सहावं प्रकरण. बंद पडलेल्या शाळेत संध्याकाळी कोणीतरी हजेरी घेतं आणि पुकारलेली नावं अजून जन्माला न आलेल्या मुलांची असतात. मग रिकाम्या वर्गातला दिवा आपोआप लागतो.

मी वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर एकोणतीस वर्षं काढली. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की शाळा बंद झाली तरी जोडणी तोडायला कोणी गेलेलं दिसत नाही. दुसरा विचार आला की भाजी चिरायची राहिली आहे.

यांनी वाचन थांबवलं, घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजले, चाराने गुणलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, चौसष्ट. पुढे दोन पानांनी अडुसष्ट. प्रकरण संपलं तेव्हा पुन्हा चौसष्ट. यांनी माझा हात सोडला, म्हणजे टाकलाच.

“तुला काही होत का नाहीये?”

“बरं जमलंय की,” मी म्हणाले.

“बरं जमलंय का, ते विचारलं नाही मी.”

यांची पुस्तकं तुमच्याही घरात असतील. काळं मुखपृष्ठ, त्यावर मोठ्या अक्षरात नाव. पुस्तक उलटं करून बघा. मागच्या बाजूला, किमतीच्या वर, लाल गोलात एक आकडा छापलेला असतो. शहाण्णव, एकशे आठ, एकशे बारा. ते पुस्तक पहिल्यांदा ऐकताना लेखकाच्या बायकोची नाडी जास्तीत जास्त किती चढली, त्याचा तो आकडा. लोक दुकानात पुस्तक हातात घेतात ते आधी उलटं करतात. गेल्या पुस्तकाचा आकडा एकशे सोळा होता आणि त्याच्या चार आवृत्त्या वर्षात संपल्या.

हे सुरू कसं झालं, तेही सांगते. लग्नाला तीन वर्षं झाली होती. चौथ्या मजल्यावर भाड्याची एक खोली, तिच्यात स्वयंपाक, तिच्यात झोपणं आणि तिच्यातच यांचं लेखन. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे, ती नोकरी सोडून घरी बसले होते. घर माझ्या पगारावर चालायचं. त्याबद्दल माझी तेव्हा तक्रार नव्हती आणि आजही नाही. एके दिवशी मी दोन पिशव्या घेऊन चार जिने चढून आले तर हे दारातच उभे. बस म्हणाले, ऐक म्हणाले, आणि पहिल्या कादंबरीचं प्रकरण वाचायला लागले. वाचता वाचता माझा हात धरला. प्रेमानेच धरला असेल, मी नाही म्हणत नाही. एकदम थांबून म्हणाले, “अगं, तुझी नाडी किती पळतेय.” मोजली तर एकशे चार.

मला तेव्हा दिवस गेले होते. दोन महिने झाले होते आणि मी यांना सांगितलं नव्हतं, कारण आधी पुस्तक, मग मूल, असं यांनी बजावून ठेवलं होतं. आज सांगू की उद्या, या विचारात मी चार जिने चढले होते. यांना वाटलं, प्रकरण जमलं. मी काही बोलले नाही. यांचा चेहरा इतका उजळला होता की त्यावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं. ती कादंबरी हातोहात खपली. त्या दिवसापासून यांनी नियमच केला, नव्वदच्या वर गेलं तर प्रकरण ठेवायचं, नाहीतर फाडायचं.

पुढचं सगळं तुम्हाला वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. दोन मजली बंगला, डोंगरावरचं दुसरं घर, दोन गाड्या आणि एक ड्रायव्हर, चार पुस्तकांवर निघालेले सिनेमे. आकडा छापायची कल्पना प्रकाशकांची. मुलाखतींत हे सांगायचे, “माझी पहिली वाचक माझी बायको.” वाचक कसली, मला कधी पान हातात मिळालं नाही. मी कोरी राहिली पाहिजे म्हणून दुसऱ्या कोणाचं भीतीदायक काही वाचायचं नाही, सिनेमा बघायचा नाही. वर्तमानपत्रातल्या खुनाच्या आणि अपघाताच्या बातम्या हे सकाळीच कात्रीने कापून काढायचे. भोकं पडलेलं वर्तमानपत्र वाचत मी म्हातारी झाले.

प्रकाशन समारंभात दोन रांगा लागायच्या. एक यांच्या सहीसाठी आणि दुसरी माझ्या मनगटासाठी. बायका यायच्या, पुरुष यायचे, “वहिनी, एकदा बघू?” म्हणून बोटं टेकवायचे आणि हसून फोटो काढून घ्यायचे. दुकानात मांडलेलं कापड बोटांनी चाचपून बघतात, तसं चालायचं. मी हसत बसायची. घरी येऊन मनगट साबणाने धुवायची.

आणि आकडा आला नाही तर काय व्हायचं, हे कुठल्या मुलाखतीत आलं नाही. पाचव्या पुस्तकाच्या वेळी मला ताप येऊन गेला होता, अंगात त्राण नव्हतं, नाडी शहात्तरच्या वर जाईना. यांनी दीडशे पानं फाडली. माझ्या ताटासमोर बसून, एकेक करून फाडली आणि तुकडे ताटाभोवती रचले. मग एकोणीस दिवस घरात एक शब्द बोलले नाहीत. मुलगी चार वर्षांची होती. बाबा का बोलत नाहीत म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी तिला सांगितलं की आईचं चुकलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण त्या एका वाक्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. त्यानंतर गेल्या वर्षापर्यंत माझी नाडी कधी नव्वदच्या खाली राहिली नाही.

गेल्या वर्षी छातीत धडधडायला लागलं. बसल्या जागी ठोके पळायचे, मधेच एखादा गळायचा. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि एक छोटी पांढरी गोळी दिली. रोज सकाळी एक, कायमची. “ही मनाने बंद करायची नाही,” त्यांनी दोनदा बजावलं. “एकदम बंद केली तर जिवावर बेतेल.” हे तेव्हा माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते.

गोळीने मला फार बरं वाटलं. ठोके शहाण्यासारखे चालायला लागले. आणि यांनी पंचविसावी कादंबरी वाचून दाखवायला घेतली तेव्हा मला एक गंमत कळली, की मी आयुष्यात पहिल्यांदा यांची गोष्ट ऐकत होते. आजवर नुसती बसत होते. ऐकल्यावर कळलं, की त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. भुताला कामधंदा नव्हता आणि माणसं अंधारात एकटी का जायची, हे कोणी विचारत नव्हतं. मग इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते, हा प्रश्न तिथेच माझ्या मनात आला, पण मी तो मागे ढकलला. म्हातारपणी असले प्रश्न परवडत नाहीत.

चौसष्ट, अडुसष्ट, चौसष्ट. हे जेवेनासे झाले. प्रकाशक घरी आले, सोफ्यावर बसून म्हणाले, “साहेब, एकशे वीस छापून टाकू. पंचविसावं पुस्तक आहे. कोण मोजायला येतंय?” हे ताडकन उठले. चोवीस पुस्तकांत वाचकाला एकदाही फसवलं नाही, आता फसवणार नाही, खोटा आकडा छापायचा असेल तर दुसरा लेखक बघा, असं म्हणून यांनी त्या माणसाला चहा संपवू दिला नाही. मी चहाचा रिकामा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला यांचा अभिमान वाटला. आज हे सांगताना माझा संताप संताप होतो, पण तेव्हा खरंच वाटला होता.

त्याच संध्याकाळी यांनी मला विचारलं की गोळी थोडे दिवस बंद ठेवता येईल का, पुस्तक होईपर्यंत. मी नाही म्हणाले. या माणसाला तोंडावर नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. पण हे रागावले नाहीत. बरं म्हणाले. तुझी तब्येत आधी, असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या गोळ्यांचं काम यांनी स्वतःकडे घेतलं. लेकीने मला वारांचे खण असलेली एक डबी आणून दिली होती, त्यात हे दर रविवारी गोळ्या भरून ठेवायचे आणि सकाळी पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. ज्या माणसाने बाळंतपणात मला पाणी विचारलं नव्हतं, तो रोज पेला घेऊन उभा. मी गोळी गिळताना यांच्याकडे बघायची आणि मला भरून यायचं. लेकीला मी फोनवर म्हणाले, “तुझे बाबा बदलले गं.” ती म्हणाली, “बघ हं, आई.”

चौथ्या दिवशी नाडी चौऱ्याऐंशी झाली. सहाव्या दिवशी शहाण्णव. हे इतके खूश झाले की मला सफरचंद कापून दिलं. जिना चढताना मला धाप लागायची, आंघोळ करताना भिंत धरावी लागायची. मी म्हणायची, वय झालं. हे म्हणायचे, प्रकरणं रंगतायत. नवव्या दिवशी शेवटचं प्रकरण निघालं.

त्या दुपारी हे काय वाचत होते, ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या पानावरच छातीत काहीतरी सुटलं आणि सैरावैरा धावायला लागलं. कानांत ढोल वाजत होता. टेबलाची कड दूर गेली. मी म्हणाले, “अहो, थांबा, मला काहीतरी होतंय.” यांनी घड्याळावरची नजर काढली नाही. दुसरा हात वर केला आणि म्हणाले, “हलू नकोस. मोजणी चुकेल.”

मी हलले नाही. याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. पंधरा सेकंद मी त्या खुर्चीत नीट बसून राहिले. यांनी समासात आकडा लिहिलेला मी पाहिला आणि मग खाली पडले. भिंतींना गाद्या असल्यामुळे खाली स्वयंपाकघरात कोणाला काही ऐकू गेलं नाही. नंतर ड्रायव्हरने आणि कामवाल्या बाईंनी मला उचलून गाडीत घातलं.

इस्पितळात तीन दिवस माझ्या अंगाला वायरी होत्या. डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, गोळी चुकली का, आणि मी शपथेवर सांगत होते की एक दिवस चुकली नाही, हे स्वतः हातात देत होते. चौथ्या दिवशी लेक घरी जाऊन डबी घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी मंगळवारच्या खणातली गोळी तळहातावर घेतली, नखाने तिचे दोन तुकडे केले, वास घेतला.

“ही ती नाही,” त्या म्हणाल्या. “दिसायला सारखी आहे. ही साधी ताकदीची गोळी आहे.”

उरलेल्या सगळ्या खणांत तीच होती. लेकीने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. इथून पुढे मला त्याला ‘हे’ म्हणवत नाही.

लेक पोलिसांत जायला निघाली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिला म्हणाले, जा, तुला अडवणार नाही, पण आधी मला त्याच्याशी बोलू दे. संध्याकाळी पाचला तो आला. प्रकाशकांनी पाठवलेली फुलं त्याच्या हातात होती. ती कुठे ठेवावीत ते त्याला कळेना, म्हणून त्याने माझ्या पायाशी ठेवली. लेक बाहेर जाऊन बाकावर बसली. मी डबी त्याच्यासमोर धरली.

त्याने नाकारलं नाही. खोटं बोलायची त्याला सवयच नाही.

“आठ-नऊ दिवसांचाच प्रश्न होता,” तो म्हणाला. “आणि मी रोज मोजत होतो ना. एकशे तीसच्या वर गेली असती तर त्याच दिवशी खरी गोळी देणार होतो.”

“मी पडले त्या दिवशी किती होती?”

“एकशे अडुसष्ट.” तो हे फार पटकन म्हणाला. आवाजातलं कौतुक झाकायला त्याला वेळ मिळाला नाही.

“छापणार?”

“खरा आकडा आहे,” तो म्हणाला.

मी आवाज चढवला नाही. तक्रारींच्या खिडकीवर मी रोज शंभर माणसांचा संताप ऐकायची. आवाज चढला की समोरचा नुसता आवाज ऐकतो, म्हणणं ऐकत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून मी एकेक शब्द सावकाश बोलले.

“तुमच्या एकाही पुस्तकाला मी कधी घाबरले नाही. पहिल्या वेळी पोटात पोर होतं आणि तुम्हाला ते सांगायची भीती होती. पुढची सगळी वर्षं तुमच्या तोंडाकडे बघून नाडी पळायची. आकडा आला नाही तर घर किती दिवस मुकं राहणार, पोरीला काय सांगायचं, हे मनात मोजत बसायची मी. चोवीस पुस्तकांच्या मागे जे छापलंय, ते तुमच्या भुतांचं नाही. ती सगळी तुमची भीती आहे.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला काय हवं होतं ते कबूल करते. मला त्याला कोसळलेलं बघायचं होतं. बंगला, गाड्या, सिनेमे, सगळं एका चुकीच्या मोजणीवर उभं आहे हे कळल्यावर माणूस कसा दिसतो, ते मला डोळे भरून बघायचं होतं. एवढं माझं येणं होतं त्याच्याकडे.

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला. पाठ ताठ झाली. त्याने खुर्ची पुढे ओढली, खिशातून पेन काढलं, माझ्या उशाशी पडलेला तपासणीचा कागद उचलून उलटा केला आणि गुडघ्यावर ठेवला.

“म्हणजे नेमकं काय व्हायचं?” त्याने विचारलं. आवाज इतका मऊ होता की तसा मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. “माझी चाहूल लागली की व्हायचं, की त्याच्या आधीपासूनच? पोट दुखायचं का? सावकाश सांग. पहिल्या दिवसापासून सांग.”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तो घरात शिरताना चपला कशा काढतो त्यावरून मी संध्याकाळ कशी जाणार ते ओळखायची. मुलगी खेळणी जमिनीवर न ठेवता मांडीवर ठेवून खेळायला शिकली होती. चार वाजायच्या आधी मला उलटी व्हायची आणि मी नळ सोडून ठेवायची, आवाज जाऊ नये म्हणून. एवढं सांगितलं असतं तर त्याचं सव्विसावं पुस्तक झालं असतं आणि ते आधीच्या सगळ्यांपेक्षा चांगलं झालं असतं. तो लेखक वाईट नव्हता, त्याला विषय सापडला नव्हता.

मी दोन्ही हात चादरीखाली घेतले आणि तोंड मिटलं.

तो पेन उघडं धरून बसला. मी समोरच्या खाटेवरच्या बाईंकडे बघत होते. त्यांची सून त्यांना चमच्याने पेज भरवत होती आणि मधे मधे त्यांची हनुवटी पुसत होती. पेजेची वाटी संपली, तिने ती विसळून आणली. त्याने दोनदा “अगं” म्हणून बघितलं. कागदावर वरच्या कोपऱ्यात त्याने तारीख घातली होती, तिच्याखाली काही नव्हतं. सहा वाजले तशी नर्स आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि उद्या निवांत बोलू म्हणून तो गेला. दारात लेक उभी होती, तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

नर्स गोळी घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं की एखाद्या माणसाला भेटायला आत सोडायचं नसेल तर काय करतात. ती म्हणाली, नाव सांगा, वहीत लिहून घेते आणि खाली कळवते. मी नाव सांगितलं, आडनावासकट, स्पष्ट. मला वाटलं, आता ती वर बघेल, अय्या म्हणेल, माझं मनगट मागेल. तिने मान खाली घालून लिहून घेतलं. तिला असलं वाचायला वेळ नसावा.

“कोण लागतात तुमचे?” तिने विचारलं.

“ते लेखक आहेत,” मी म्हणाले.

नात्याचा रकाना तसाच रिकामा ठेवून तिने वही मिटली आणि मला पाणी दिलं.